आकाशपाळण्याला पहिला नंबर

संपादक कोकणात समुद्रकिनारी राहून आले, ते एक कल्पना घेऊनच. तिथल्या वाळूवर संध्याकाळी पाळणे, चक्र्या, उड्या मारायच्या गाद्या असं बरंच काही लागतं. कुठल्याशा मासिकाने त्या सगळ्यांना नंबर देऊन एक पान छापलं होतं. ते पान त्यांनी मोबाइलवर मला दाखवलं आणि म्हणाले, "आपण करू. जत्रांचा हंगाम आहे. पहिली पाच खेळणी, नंबर लावून."

"आपल्याकडं समुद्र न्हाई," पानं लावणारा सहकारी मागून म्हणाला.

"जहाज तर हाय की," संपादक म्हणाले.

ते खरं होतं. जत्रेत जे खेळणं मागेपुढे झुलतं, त्याला बीड जिल्ह्यात जहाजच म्हणतात. त्याच्या अंगावर निळ्या लाटा, उडणारे मासे आणि नारळाची झाडं रंगवलेली असतात. रंगवणाऱ्याने समुद्र पाहिला असेल असं वाटत नाही. लाटांना त्याने पायऱ्यांसारखी टोकं काढलेली असतात.

मी जिल्हा आवृत्तीचा बातमीदार. बैठका, अपघात, बाजार समिती, पाणीटंचाई हे माझं रोजचं काम. संपादकांची अट अशी की प्रत्येक खेळण्यावर स्वतः बसायचं आणि मग लिहायचं. मजा किती, सुरक्षितता किती, रांग किती आणि घरच्यांना घेऊन बसता येतं का, हे निकष. जत्रा मी निवडली. चौसाळ्याच्या अलीकडे, महामार्गापासून आत एका गावाची माघातली जत्रा. नारायणगडाची जत्रा उठली की बरेच पाळणेवाले तिकडे सरकतात.

त्याच संध्याकाळी थोरल्या भावाचा फोन आला. "रविवारी जत्रेला जानार हायस म्हणं? मग आमच्याबरोबरच चल. तेलगावचे पाव्हणे तिथंच येनार हायेत."

तेलगावचं स्थळ माझ्या पुतणीसाठी आलं होतं. आमच्या भागात मुलगी बघायला एकदम घरी येत नाहीत. आधी देवळात, लग्नात किंवा जत्रेत दोन्हीकडची माणसं योगायोगाने भेटतात. जुळलं तर पुढे घरी पोह्यांचा कार्यक्रम. नाही जुळलं तर कुणी कुणाला बघायला गेलंच नव्हतं, जत्रेला गेलं होतं. दोन्ही घरांची अब्रू झाकली जाते. योगायोग कुठल्या हॉटेलसमोर आणि कुठल्या वेळी घडायचा, हे मध्यस्थ ठरवतो.

पुतणी जनावरांच्या सरकारी दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक आहे. दवाखाना चौसाळ्याजवळ. स्कूटीवर औषधांची पेटी बांधून ती आसपासच्या गावांत फिरते. लसी टोचते, अडलेल्या गाई सोडवते, बैलांची खुरं बघते. नोकरी तिने परीक्षा देऊन मिळवली आहे. तिच्या वडिलांना, म्हणजे माझ्या भावाला, सुरुवातीला हे काम बाईमाणसाचं वाटत नव्हतं. आता गावोगावचे शेतकरी त्याला रस्त्यात थांबवून लेकीची चौकशी करतात, तेव्हा तो टोपी सारखी करतो.

जत्रेकडे जाताना गाडीत पुतणी माझ्या शेजारी बसली होती. भाऊ आणि वहिनी मागे. ती खिडकीची काच खाली-वर करत होती.

"काका, मला एकच गोष्ट विचारायचीय त्यांला," ती म्हणाली. "लग्नानंतर नोकरी चालू ठेवलेली चालंल का. बाकी मला काही विचारायचं न्हाई."

"मध्यस्थ म्हणले की, चालतंय म्हणून," मागून भाऊ म्हणाला.

"मध्यस्थ तिकडं काय म्हणले, ते कुठं माहीत हाय आपल्याला? मला त्यांच्या तोंडून ऐकायचंय. एकट्यानं बोलू दिलं तरच."

"जत्रंत एकटं कुठं बोलणार?" वहिनी म्हणाल्या.

पुतणीने काच पुन्हा वर केली.

योगायोग भज्याच्या हॉटेलसमोर घडला. तेलगावकडून तिघे आले होते. मुलगा, त्याचे वडील आणि मध्यस्थ. मुलाचं तेलगावला खत-बियाण्यांचं दुकान. ऊस, कापूस आणि दुकान असं तिहेरी घर. मुलगा उंच, जरा वाकून उभा राहणारा. वडील जाड मिशांचे, थोडं बोलणारे. गावच्या राजकारणात त्यांचं वजन होतं. जत्रेत येणारा-जाणारा त्यांना रामराम घालत होता आणि ते प्रत्येकाला मान हलवून उत्तर देत होते. मध्यस्थ मात्र सारखा बोलत होता. तो दोन्हीकडचा नातेवाईक होता आणि एका जागी उभा राहत नव्हता.

"अरे, तुमी बी आलाव काय जत्रंला?" मध्यस्थ भावाला म्हणाला. त्यानेच आदल्या दिवशी फोन करून हॉटेल सांगितलं होतं.

"आलतो सहज," भाऊ म्हणाला.

भजी झाली. चहा झाला. पावसाचं, उसाच्या तोडीचं बोलून झालं. मुलगा आणि पुतणी टेबलाच्या दोन टोकांना बसली होती आणि मधे सगळं गणगोत. पुतणी माझ्याकडे बघत होती. मी घड्याळाकडे बघून म्हणालो की मला खेळणी बघायची आहेत, पेपरात लिहायचं आहे.

"मी येते काकाबरोबर," पुतणी लगेच म्हणाली. "ह्यांनापण येऊ द्या. एकट्याला नंबर कसे देता येतील?"

मुलाच्या वडिलांनी मिशीवरून हात फिरवला. भावाने जमिनीकडे बघितलं. मध्यस्थ म्हणाला, "जाऊ द्या की पाव्हणं. आपन हितंच हाओत. सगळं दिसतंयच."

दिसतंय, हा मुद्दा पटला. सगळेच उठून आमच्या मागे निघाले.

ड्रॅगन गाडी सगळ्यांत जवळ होती, म्हणून तिच्यापासून सुरुवात. हिरव्या रंगाचं तोंड, त्यातून बाहेर लोंबणारी लाल जीभ, मागे डबे. रूळ अंड्याच्या आकाराचा, मधे एक चढ. प्रत्येक डब्यात एकच मोठा माणूस मावतो. मुलगा पुढच्या डब्यात बसला, पुतणी मागच्या आणि मी तिच्या मागे. गाडी फिरली. पुतणीला मुलाची मान दिसली, मला पुतणीची वेणी. दोन फेऱ्यांनंतर मुलगा मागे वळून काहीतरी म्हणाला, तेवढ्यात चढ आला आणि त्याला पुढे बघावं लागलं.

उतरलो तेव्हा मध्यस्थ म्हणाला, "डबे तर जोडले. आता इंजिन कोन व्हनार?"

कुणी हसलं नाही. मी मनात ड्रॅगनला शेवटचा नंबर दिला. सुरक्षित आहे, रांग नाही, पण शेजारी माणूस बसत नाही.

जहाजाला रांग होती. आम्ही मधल्या ओळीत बसलो. पुतणी आणि मुलगा एका बाकावर, मधे माणूस मावेल एवढी जागा सोडून. मी त्यांच्या मागे. जहाज सुरू होण्याआधी पुतणीने तोंड उघडलं आणि त्याच वेळी भोंग्यावर गाणं लागलं. भोंगा आमच्या डोक्यावरच होता. जहाज वर गेलं, खाली आलं. पुढच्या ओळीतल्या पोरी किंचाळायला लागल्या. वरच्या टोकाला जहाज एक क्षण थांबतं, तेवढ्यात किंचाळणंही थांबतं. ती नेमकी जागा साधून पुतणीने विचारलं, "चालू ठेवली तर चालंल का?"

जहाज खाली आलं. दुसऱ्या टोकाला मुलाने उत्तर दिलं, "चालू द्या की. मला न्हाई भीती वाटत."

त्याने जहाजाबद्दल उत्तर दिलं होतं. पुतणीने डोळे मिटले. ती भीतीने मिटतेय असं वाटून तो तिला बाक घट्ट धरायला सांगत होता. जहाजाला चौथा नंबर. मजा आहे, पण ऐकू काही येत नाही.

तिसरा ब्रेक डान्स. हे नाव कुणी ठेवलं ठाऊक नाही, पण सगळीकडे हेच आहे. मोठी गोल थाळी फिरते आणि थाळीवरच्या वाट्या आपापल्या भोवती वेगळ्या फिरतात. वाटीत दोघे बसतात. वेग वाढला की एक माणूस दुसऱ्यावर जाऊन आदळतो आणि तिथेच दाबून राहतो. हे बसल्यावर कळतं. पुतणी आणि मुलगा एका वाटीत बसले तेव्हा त्यांच्यात हातभर अंतर होतं. दोन गिरक्यांत ते संपलं. पुतणीचा खांदा त्याच्या खांद्यावर जाऊन चिकटला आणि दोघांनाही हलता येईना.

यावर मी आधीच एकट्याने बसून घेतलं होतं, म्हणून त्या वेळी खाली उभा होतो. माझ्या डाव्या हाताला भाऊ, उजव्या हाताला मुलाचे वडील. भाऊ खाकरला आणि फुग्यांच्या गाडीकडे बघायला लागला. मुलाच्या वडिलांनी उसाच्या रसाचं यंत्र बारकाईने बघायला घेतलं. दोघांनीही खेळ थांबेपर्यंत वाटीकडे मान वळवली नाही. वहिनी तेवढ्या सरळ बघत होत्या.

"काय म्हणायचं आता ह्याला," त्या म्हणाल्या.

"मशीन हाय वैनी," मध्यस्थ म्हणाला. "मशीनला काय कळतंय."

थाळी थांबली. पुतणी उतरली. मुलगा उतरला नाही. तो वाटीच्या कडेला धरून बसून राहिला, चेहरा पांढरा. मग खेळणं चालवणाऱ्या दोघांनी धरून त्याला खाली आणलं आणि तो एका खांबाच्या आडोशाला जाऊन ओकला.

यानंतरची काही मिनिटं वाईट गेली. आमच्याकडे मुलगी बघताना तिला चालून दाखवायला लावत, वाचून दाखवायला लावत. का, तर काही खोट असेल तर दिसावी. इथे मुलगाच सगळ्यांसमोर वाकला होता. भावाने मला बाजूला ओढलं.

"फीट येत्या का बे ह्याला?"

"गरगरलंय. मलापण गरगरलं."

"तू ओकलास का?"

मध्यस्थ पाण्याची बाटली घेऊन धावत होता आणि सगळ्यांना सांगत होता की पोरगा सकाळपासून उपाशी आहे. उपाशी माणसाने एवढी भजी कधी खाल्ली, हे कुणी विचारलं नाही. मुलाचे वडील एकाच जागी उभे होते. "एसटीत बी हुतंय त्याला," ते म्हणाले. "ल्हानपनापासून." आणि मग, "सांगायला पायजे हुतं."

पुतणीने त्याला सावलीत बसवलं, लिंबू-मीठ दिलं आणि लांब एका झाडाच्या शेंड्याकडे नजर ठेवायला सांगितली. ती आमच्याकडे आली तेव्हा भाऊ तिच्या तोंडाकडे बघत होता.

"काही न्हाई, पप्पा. काही लोकांचं कानामुळं होतं. ब्रेक डान्सवर बसायचं नव्हतं त्यांला. मी म्हणले म्हणून बसले."

"बोलणं झालं का?" मी विचारलं.

"कुठं? तोंड उघडलं की दात आपटत होते."

ब्रेक डान्सला मी तिसरा नंबर ठेवला. तो मजेसाठी. निकषांत मजा हा एक निकष होता.

मुलगा सावलीत बसलेला असताना वहिनी आणि पुतणी खाली थांबल्या आणि आम्ही बाकीचे मौत का कुआ बघायला वर चढलो. हे खेळणं नव्हे, पण वाचकांना ते वगळलेलं चालणार नाही, हे मला ठाऊक होतं. फळ्यांची गोल विहीर, आत मोटरसायकलवाला भिंतीवरून फिरत वर येतो. बघणारे काठावर उभे राहून खाली वाकतात. गाडी वरपर्यंत आली की फळ्या पायाखाली थरथरतात. मी, भाऊ आणि मुलाचे वडील शेजारी शेजारी उभे होतो. आवाजात थोडा खंड पडला तेव्हा मुलाचे वडील खाली बघतच भावाला म्हणाले, "पोरगी चांगली हाय तुमची. घरात अशीच पायजे. नोकरी सोडनार हाय म्हणल्यावर आमी हो म्हणलो."

भावाने कठडा धरला. मोटरसायकल पुन्हा वर यायला लागली. त्या आवाजात उत्तर देता येत नव्हतं आणि बहुतेक त्याला ते बरंच वाटलं. गाडी उतरली, लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि भाऊ शिडीकडे वळला. शिडी उतरताना तो माझ्या कानाशी म्हणाला, "ऐकलंस न्हवं?"

"ऐकलं."

"सांगावं का तिला?"

सांगावं, असं मला वाटत होतं. पण विहिरीच्या खाली पोचलो तर ती तिथे नव्हती. मुलगाही सावलीत नव्हता. वहिनींनी हाताने दाखवलं. दोघं आकाशपाळण्याच्या रांगेत पुढे होती. मुलगा आता पाळण्याकडे नव्हे, लांबच्या त्याच झाडाकडे बघत होता.

"त्यानंच इचारलं," वहिनी म्हणाल्या. "म्हणला, हे हळू असतंय, ह्याच्यावर बोलता येईल."

भाऊ पुढे निघाला, तेवढ्यात त्यांच्यासमोरची पेटी थांबली, दोघं आत बसली आणि दांडी खाली पडली. रांगेतला एक अनोळखी माणूस आपल्या बायकोला म्हणाला, "बघ, लग्नाआधीच पाळणा." बायकोने त्याला कोपराने ढोसलं. ते भावाने ऐकलं. तो एरवी भांडला असता.

आकाशपाळणा माणसं भरताना सावकाश चालतो. एक पेटी भरायची, थोडं फिरवायचं, थांबायचं, पुढची भरायची. त्यामुळे आधी बसलेल्यांना वर बराच वेळ मिळतो. भोंगा खाली असतो, वर आवाज विरळ होतो. त्यांची पेटी टोकाला जाऊन थांबली. खालून त्यांचे पाय आणि चेहऱ्याचा थोडा भाग दिसत होता. पुतणी बोलत होती. मग मुलगा बोलत होता. भाऊ खांद्यावरचा पंचा काढून पुन्हा टाकत होता. मध्यस्थ मुलाच्या वडिलांना कुठल्यातरी बैलजोडीबद्दल सांगत होता. मुलाचे वडील वरच बघत होते. मी माझ्या कामासाठी पेट्यांच्या दांड्यांना खिट्टी आहे का, ते बघायचा प्रयत्न केला आणि दोनदा बघूनही माझ्या लक्षात राहिलं नाही.

पाळणा भरून झाल्यावर वेगाने फिरला आणि मग थांबला. दोघं उतरली. मुलगा हसत होता. तो सरळ आपल्या वडिलांकडे गेला. पुतणी सरळ आमच्याकडे आली.

"चला घरी," ती म्हणाली. "नकार हाय."

"काय म्हणला?" भावाने विचारलं.

"कळवतो म्हणले."

वहिनींनी पदर सारखा केला आणि पिशवी उचलली. भावाने मान हलवली. कुणी अधिक विचारलं नाही, कारण विचारायला काही उरलं नव्हतं. आमच्याकडे स्थळाच्या बोलण्यात नाही हा शब्द कुणी उच्चारत नाही. कळवतो म्हणतात. कळवतो म्हटल्यावर कुणी कळवत नाही आणि कुणी वाट बघत नाही. पोहे खाऊन झाल्यावर पाहुणा दारात चपला घालताना कळवतो म्हणाला की घरातल्या बाया बशा उचलायला लागतात.

पण मला माणसं नेमकं काय म्हणाली हे लिहायची सवय आहे. "पूर्ण वाक्य काय होतं?" मी विचारलं.

"काका, सोडा ना."

"सांग तर."

तिने आठवून सांगितलं. "मी विचारलं, नोकरी चालू ठेवली तर चालंल का. ते म्हणले, मला चालतंय. घरी सोडणार म्हणून सांगितलंय, म्हणून आधी बाबांना विचारतो आन तुमाला कळवतो."

"मला चालतंय म्हणला?"

"म्हणले. पण मग कळवतो म्हणले. चांगलं वाटावं म्हणून आधी तसं म्हणत्यात."

मी पलीकडे गेलो. मुलगा रसाच्या गाड्याजवळ उभा होता. त्याला म्हणालो, आमच्याकडे तुमचा नकार पोचला आहे.

"नकार?" तो म्हणाला. "नकार कावून देईन मी?"

"कळवतो म्हणालात."

"मंग? कळवनारच हाय की. दुकानात रोज म्हणतोय. बियाणं आलं की कळवतो, खत आलं की कळवतो. आन फोन करतोच. एक गिऱ्हाईक इसरत न्हाई मी." त्याला हळूहळू उमगलं. त्याने आधी माझ्याकडे आणि मग आमच्या माणसांकडे बघितलं. वहिनी पिशवी घेऊन गाडीच्या दिशेला तोंड करून उभ्या होत्या. "आयला," तो पुटपुटला. "लग्नात त्याचा अर्थ तसा हुतोय."

त्याची आई लहानपणीच गेली होती आणि बहीण नव्हती. घरात मुलगी बघण्याचे कार्यक्रम झालेच नव्हते. हे मला नंतर कळलं. त्या वेळी त्याने हातातला पेला ठेवला आणि तो वडिलांसमोर जाऊन उभा राहिला. आम्ही सगळे ऐकू येईल इतक्या अंतरावर होतो.

"बाबा, ह्या नोकरी सोडनार न्हाईत."

वडिलांनी मध्यस्थाकडे मान वळवली. "सोडनार हाय म्हणलतास न्हवं?"

"म्हणजे तसं, लग्न झाल्यावर बगता येईल म्हणलतो," मध्यस्थ म्हणाला.

"आन हिकडं काय म्हणलतास?"

मध्यस्थाने भावाकडे बघितलं, मग रसाच्या यंत्राकडे. "दोनी घरं चांगली हायेत म्हणलतो."

"ते तर हायेतच," भाऊ म्हणाला. तोवर दिवसभरात तो एवढंच एक वाक्य ठामपणे बोलला होता.

मुलाचे वडील पुतणीकडे वळले. त्यांनी आवाज वाढवला नाही. "रातच्याला गाय अडली तर?"

"फोन आला तर जावं लागतं," ती म्हणाली.

"एकटी?"

"ज्याची गाय असती तो गाडी घेऊन न्यायला येतो."

"आमच्या घरातली बाई रातची भाईर गेलेली न्हाई."

तिला खोटं काही सांगता येत नव्हतं आणि खरं सांगून झालं होतं.

"मी जाईन संगं," मुलगा म्हणाला.

"आन दुकान?"

"रातचं दुकान बंद असतंय, बाबा."

मध्यस्थ हसला आणि लगेच थांबला. वडील हसले नाहीत. त्यांनी भावाला विचारलं, "तुमचं काय म्हणनं?"

भावाने खांद्यावरचा पंचा पुन्हा सारखा केला. मला वाटलं तो काहीतरी मधलं बोलेल, दोन्ही बाजू सांभाळणारं. तो म्हणाला, "नोकरी तिची हाय. तिलाच इचारा."

"तुमी घरी जाऊन विचार करा," ती मुलाच्या वडिलांना म्हणाली. "मला आज उत्तर नको. पण जे असंल ते मध्यस्थांकडून नको. तुमीच सांगा."

"बरं," ते म्हणाले. रामराम झाला. दोन गाड्या धुळीतून एकामागे एक महामार्गाला लागल्या. त्यांची डावीकडे वळली, आमची उजवीकडे.

गाडीत वहिनींनी विचारलं, "ओकला त्याचं काय?"

"तो बरा माणूस हाय, मम्मी," पुतणी म्हणाली. "घराचं मला माहीत न्हाई."

दुसऱ्या दिवशी मी पान लिहिलं. ड्रॅगन पाचवा, जहाज चौथं, ब्रेक डान्स तिसरा, मौत का कुआ दुसरा. आकाशपाळण्याला पहिला नंबर दिला आणि कारण लिहिलं की वर गेल्यावर दोन माणसांना एकमेकांचं बोलणं ऐकू येतं. संपादक म्हणाले, हे कारण होत नाही. वरून जिल्हा दिसतो असं लिही. मी त्यावर बसलोच नव्हतो, पण पुतणीने सांगितलं होतं की वरून जिल्हा दिसत नाही, तुरीची शेतं आणि महामार्गावरचे ट्रक दिसतात. शेवटी दोन्ही वाक्यं गेली आणि फक्त नंबर छापला गेला.

तो आठवडा कुणाला स्वस्थ बसू देईना. भाऊ फोन वाजला की उठायचा आणि दुधाचा किंवा बँकेचा निघाला की परत बसायचा. वहिनी नातेवाइकांना सांगायच्या की आम्ही जत्रेला गेलतो, सहज. मध्यस्थाने मला एकदा गाठलं आणि विचारलं की तिकडचं काही कळलं का. तुम्हालाच कळणार ना, असं मी म्हणालो, तेव्हा तो म्हणाला, "मला आता दोनीकडचे उचलत न्हाईत फोन." पुतणी रोज सकाळी स्कूटीवर पेटी बांधून जात होती. संध्याकाळी येऊन ती गाई-म्हशींचंच बोलायची. मुलाचा फोन तिला आला होता का, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही.

मग एका दुपारी तिने मला ऑफिसात फोन केला. मागे म्हशीचा आवाज येत होता.

"काका, आले होते."

"कोण?"

"त्यांचे बाबा. एकटेच. दवाखान्यात." ती भराभर सांगत होती. सकाळी जनावरं बांधायच्या लोखंडी कठड्यापाशी ती एका बैलाचं खूर साफ करत होती. मान वर केली तर ते झाडाखाली उभे होते. कधीपासून, ते माहीत नाही. त्यांनी रामराम घातला नाही, काही विचारलं नाही. बैल झाला, मग दोन शेळ्या झाल्या, मग एक कालवड. आलेल्या माणसांनी त्यांना ओळखलं, खुर्ची आणून दिली. ते बसले नाहीत. सगळे गेल्यावर तिने हात धुतले. तेव्हा ते जवळ आले.

"आन काय म्हणले?"

"म्हणले, बदली हुत्या का ह्या नोकरीत. म्हणलं, हुत्या. मग म्हणले, तेलगावाकडं घेता येत्या का."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. बाहेर संपादक कुणाला तरी पुढच्या रविवारच्या पानाबद्दल सांगत होते.

"तू काय म्हणालीस?"

"म्हणलं, अर्ज करता येतो. जागा असंल तर मिळती. तर म्हणले, करून टाकू, आमदार साहेबांच्या माणसाला सांगतो, आपली वळख हाय." म्हैस पुन्हा ओरडली. "मी म्हणलं, तुमी कुणाला सांगायचं न्हाई. अर्ज मी करीन. मिळाली तर मिळाली, न्हाईतर मी तेलगावाहून हितं येऊन जाऊन करीन."

"मग?"

"मिशीवरून हात फिरवला त्यांनी. मग म्हणले, बरं, मग आमी घरी कधी येऊ?"

"काय सांगितलंस?"

"रविवारी या म्हणलं. सोमवारपासून लसीकरण हाय, मला मोकळीक न्हाई."